दोन दऱ्या : २.६८ आणि १६.६१

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के भरली. अनुसूचित जातींची ७९.६६ टक्के आणि अनुसूचित जमातींची ६५.७३ टक्के. वजाबाकी केली तर पहिली तफावत २.६८ अंकांची, दुसरी १६.६१ अंकांची. सरकारी टिपणीत हे दोन्ही समूह ‘मागासवर्गीय’ या एकाच शब्दात मावतात. आकड्यांत त्यांच्यामधले अंतर सहा पटींचे आहे.

वीस वर्षांचा प्रवास पाहू. १९९१ मध्ये राज्याची साक्षरता ६४.८७ टक्के होती, अनुसूचित जातींची ५६.४६ आणि जमातींची ३६.७९. म्हणजे तेव्हाची तफावत अनुक्रमे ८.४१ आणि २८.०८. २००१ मध्ये ती ४.९८ आणि २१.६७ वर आली. अनुसूचित जातींनी वीस वर्षांत ५.७३ अंक भरून काढले; त्याच वेगाने उरलेले २.६८ अंक २०२० च्या सुमारास संपायला हवेत. आदिवासींनी अंक जास्त भरून काढले, ११.४७, पण सुरुवातच इतकी मागून होती की त्याच वेगाने सरासरी गाठायला २०४० उजाडेल. त्यातही वेग टिकलेला नाही. पहिल्या दशकात ६.४१ अंक कमी झाले, दुसऱ्या दशकात ५.०६. लिंग आणि समूह एकत्र पाहिले तर टोके आणखी लांब जातात : अनुसूचित जातींच्या पुरुषांत साक्षरता ८७ टक्के, अनुसूचित जमातींच्या स्त्रियांत ५७.

नागपूर जिल्हा या दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आहे. जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७०. त्यात अनुसूचित जाती १८.६५ टक्के, म्हणजे राज्याच्या ११.८१ टक्क्यांच्या दीडपटीहून अधिक. अनुसूचित जमाती ९.४० टक्के, म्हणजे जवळजवळ राज्याच्या सरासरीइतक्याच (९.३५). जिल्ह्याची साक्षरता ८८.३९ टक्के. त्याच विभागातल्या गडचिरोलीची ७४.३६, आणि तिथे दर शंभरांत जवळपास ३९ माणसे आदिवासी. विभागीय आयुक्त एकच, अपर आदिवासी आयुक्तांचे कार्यालय एकच. साक्षरतेत १४ अंकांचा फरक.

आता २.६८ हा आकडा थोडा उघडून पाहायला हवा, कारण तोही सरासरीच आहे. महाराष्ट्रातील बौद्धांची साक्षरता २०११ मध्ये ८३.१७ टक्के होती. हा आकडा राज्याच्या सरासरीपेक्षा खाली नाही, वर आहे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्रात बौद्ध होते २,४८७. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि १९६१ मध्ये हा आकडा २७,८९,५०१ झाला. २०११ मध्ये तो ६५,३१,२०० होता. देशातल्या दर शंभर बौद्धांपैकी ७७ महाराष्ट्रात राहतात, आणि नागपूर जिल्ह्यात दर शंभर रहिवाशांत १४ बौद्ध आहेत.

राज्यातल्या १ कोटी ३२ लाख ७६ हजार अनुसूचित जातींपैकी सुमारे ५२ लाख बौद्ध आहेत. या बौद्धांची साक्षरता एकूण बौद्धांइतकीच धरली, तर उरलेल्या अनुसूचित जातींची साक्षरता ढोबळ हिशेबाने ७७ टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणजे राज्याच्या सरासरीशी त्यांची तफावत २.६८ नव्हे, पाचच्या घरात. मातंग, चर्मकार, मेहतर यांचे प्रश्न ‘अनुसूचित जाती’ या रकान्यात बौद्धांच्या प्रगतीखाली झाकले जातात. राखीव जागांत पोटगट पाडण्याचा, म्हणजे उपवर्गीकरणाचा, वाद येथूनच निघतो. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ ला ६ विरुद्ध १ मतांनी राज्यांना उपवर्गीकरणाची मुभा दिली. त्या सहांतले एक न्यायमूर्ती भूषण गवई हे अमरावतीचे, नागपूर खंडपीठात वकिली केलेले आणि स्वतः बौद्ध.

याच रकान्याची आणखी एक गंमत आहे. १९८१ मध्ये राज्यात अनुसूचित जाती ७.१४ टक्के होत्या. १९९१ मध्ये ११.१ टक्के. संख्येत ४४.८० लाखांवरून ८७.५८ लाख, दहा वर्षांत जवळपास दुप्पट. जन्मदर वाढला नव्हता. १९९० च्या अनुसूचित जाती आदेश दुरुस्ती कायद्याने धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आणि माणसे एका रकान्यातून दुसऱ्यात गेली. राज्य सरकारने मात्र या सवलती १ मे १९६० पासूनच दिल्या होत्या. मधली तीस वर्षे त्याच विद्यार्थ्याला मुंबईच्या खात्यात आरक्षण होते, दिल्लीच्या खात्यात नव्हते. आजही हिशेब पूर्ण जुळत नाही : ६५ लाख बौद्धांपैकी सुमारे १३ लाख अनुसूचित जातींत मोजले गेलेले नाहीत. जातीच्या जागीही ‘बौद्ध’ लिहिले की नोंद अनुसूचीबाहेर जाते, कारण त्या नावाची जात अनुसूचीत नाही.

बौद्धांचा आकडा इतका वर कसा गेला, याचे उत्तर एका योजनेत सापडत नाही. किसन फागोजी बनसोडे यांनी नागपुरात मुलींसाठी शाळा काढली ती १९०७ मध्ये. जाईबाई चौधरींनी चोखामेळा कन्याशाळा १९२२ मध्ये. दीक्षाभूमीवरचे डॉ. आंबेडकर महाविद्यालय १९६४ चे. म्हणजे आरक्षणाच्या आधी शाळा होती. दुसरे कारण शहर : देशातल्या बौद्धांपैकी सुमारे ४३ टक्के शहरात राहतात, एकूण लोकसंख्येत हे प्रमाण ३१.१६ टक्के. आदिवासींच्या बाबतीत दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. राज्यात सुमारे ५०० शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. शाळा मुलांकडे गेली, हे खरे. पण ती सरकार घेऊन गेले, समाजाने काढली नाही, आणि ती जिथे गेली तिथे नोकरी देणारे शहर नाही.

साक्षरता ही खालची पायरी. वरची पायरी महाविद्यालयाची. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात १८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत प्रवेशाचे प्रमाण २८.४ टक्के होते. अनुसूचित जातींत २५.९, जमातींत २१.२. आदल्या वर्षी हेच आकडे २७.३, २३.१ आणि १८.९ होते. एका वर्षात अनुसूचित जातींची तफावत ४.२ वरून २.५ वर आली, जमातींची ८.४ वरून ७.२ वर. २०१४-१५ मध्ये ती ४.८ आणि १०.२ होती. म्हणजे अनुसूचित जातींच्या बाबतीत सात वर्षांत जेवढे अंतर तुटले, त्यातले बहुतेक शेवटच्या एका वर्षात तुटले. हे संशयाने पाहावे असे आहे. भाजक २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेला अंदाज आहे, आणि प्रत्यक्ष लोकसंख्या मोजल्याशिवाय तो तपासता येणार नाही.

त्याच सर्वेक्षणात वर्गाची दुसरी बाजू आहे. विद्यार्थ्यांत अनुसूचित जाती १५.३ टक्के, जमाती ६.३ टक्के. शिकवणाऱ्या १५.९८ लाखांत ९.१ टक्के आणि २.५ टक्के. विद्यार्थ्यांच्या प्रमाणात जिथे ४० आदिवासी शिक्षक हवेत, तिथे प्रत्यक्षात १६ आहेत. याला बाकांवरचा भेदभाव हे एक कारण असेल. दुसरे निव्वळ अंकगणित आहे. राखीव जागांचा क्रम ठरवणाऱ्या केंद्राच्या बिंदूनामावलीत चौथी जागा इतर मागासवर्गाची, सातवी अनुसूचित जातीची आणि चौदावी अनुसूचित जमातीची. विद्यापीठ हा एक घटक धरला तर चौदावी जागा येतेच. विभाग हा घटक धरला तर १३ प्राध्यापकांच्या विभागात पहिल्या भरतीत ती येतच नाही. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हाच घटक ठरवला, २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले, आणि २०१९ मध्ये संसदेने केंद्रीय संस्थांसाठी कायदा करून ते फिरवले. एका शब्दाच्या व्याख्येवर किती जागा ठरतात, याचे हे उदाहरण पुरे.

रोजगाराकडे वळले की पहिलाच आकडा उलटा दिसतो. २०११ मध्ये देशात काम करणाऱ्यांचे प्रमाण ३९.८ टक्के होते. अनुसूचित जातींत ४०.९, जमातींत ४८.७. सर्वांत कमी शिकलेला समूह सर्वांत जास्त कामावर आहे. ‘किती जणांना काम आहे’ हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. काम कोणते, हा आहे. काम करणाऱ्यांपैकी शेतमजूर एकूण ३०.० टक्के, अनुसूचित जातींत ४५.९, जमातींत ४४.५. शेती, शेतमजुरी आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांत एकूण ४१.६ टक्के, अनुसूचित जातींत ३६.१ आणि जमातींत १९.२. बेरोजगारीचा दर कमी म्हणून एखाद्या जिल्ह्याची पाठ थोपटणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. बसून राहणे परवडावे लागते.

सरकारी नोकरीत राज्याचे आरक्षण अनुसूचित जातींना १३ टक्के आणि जमातींना ७ टक्के आहे. लोकसंख्या अनुक्रमे ११.८१ आणि ९.३५. एका समूहाचा वाटा लोकसंख्येपेक्षा १.१९ अंकांनी जास्त, दुसऱ्याचा २.३५ अंकांनी कमी. लाखभर पदांची भरती झाली तर आदिवासींच्या हिशेबात २,३५० पदे कमी पडतात. ही तूट भरावी म्हणून आदिवासीबहुल जिल्ह्यांत वर्ग तीन आणि चारच्या जिल्हास्तरीय पदांसाठी वेगळे प्रमाण ठरवले. गडचिरोलीत ते २४ टक्के आहे. तरी लोकसंख्या ३८.७ टक्के. आणि जे वाढवले ते दुसऱ्या मागास रकान्यातून काढून : गडचिरोलीत इतर मागासवर्गाचे आरक्षण १९ वरून ६ टक्क्यांवर आले, आणि बऱ्याच आंदोलनांनंतर १७ झाले.

टक्केवारी ठरली तरी त्या पदावर बसते कोण, हा वेगळा प्रश्न. नागपूरला तो इतर कुठल्याही शहरापेक्षा जास्त ठाऊक आहे. शहरातल्या विणकर कोष्टी समाजाचे लोक ‘हलबा’ या अनुसूचित जमातीचा दाखला घेऊन अनेक वर्षे शिक्षणात आणि नोकरीत आले. दाखले चोरून छापलेले नव्हते. ते सक्षम अधिकाऱ्यांच्या सहीचे होते. २८ नोव्हेंबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हेत, आणि राष्ट्रपतींच्या यादीत भर घालण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, संसदेला आहे. अंतिम झालेले प्रवेश आणि नेमणुका मात्र त्या निकालाने वाचवल्या. त्या वाचवलेल्या जागांच्या आधारावर राज्य सरकारने पुढची सतरा वर्षे संरक्षणाची निरनिराळी परिपत्रके काढली. ६ जुलै २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तेही दार बंद केले : दावा अवैध तर लाभही अवैध.

२१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना मंजूर संख्येपेक्षा जास्तीच्या, म्हणजे अधिसंख्य, पदांवर, अकरा महिन्यांच्या मुदतीने, ठेवले आणि त्यांनी अडवलेली पदे खऱ्या आदिवासींतून भरायचे ठरवले. या पदांचा आकडा साडेबारा हजार सांगितला जातो. त्याचा आकार कळावा म्हणून एक भागाकार : ७ टक्के आरक्षणात १२,५०० पदे मिळायला सुमारे १ लाख ७९ हजार पदांची भरती व्हावी लागते. इतक्या मोठ्या भरतीतला आदिवासींचा पूर्ण वाटा दुसऱ्यांकडे गेला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर कोष्टी विणकर हा काही सुखवस्तू समाज नव्हता. हातमागाची मजुरी आटत गेली आणि दाखल्याची किंमत वाढत गेली, हे एकाच काळात घडले. माझ्या मते यात सर्वांत मोठा दोष दाखला मागणाऱ्याचा नाही, दाखला देऊन वीस वर्षांनी पडताळणी करणाऱ्या व्यवस्थेचा आहे. पण नुकसान झाले ते गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या आणि भामरागडच्या मुलांचे, आणि त्याची भरपाई त्या व्यवस्थेने दिलेली नाही.

लोकसंख्येच्या तक्त्यातही या काळाची खूण आहे. १९७१ ते १९८१ या दशकात राज्याची लोकसंख्या २४.५ टक्क्यांनी वाढली. अनुसूचित जमातींची ३८.४१ लाखांवरून ५७.७२ लाख, म्हणजे ५० टक्क्यांनी. १९७६ च्या कायद्याने जमातींना लागू असलेली क्षेत्राची अट उठली आणि नामसाधर्म्य असलेल्या समाजांना यादीत वाट दिसली.

गोवारींची कथा याच वाटेवरची आहे, शेवट वेगळा. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मेले. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती. १९९५ मध्ये त्यांना विशेष मागास प्रवर्गात, म्हणजे २ टक्क्यांच्या गटात, घातले. १४ ऑगस्ट २०१८ ला नागपूर खंडपीठाने त्यांना अनुसूचित जमातीचे मानले. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. या २८ महिन्यांत ज्यांना प्रवेश किंवा नोकरी मिळाली त्यांची टिकली, पुढचा लाभ थांबला. एकाच घरातला थोरला अनुसूचित जमातीत आणि धाकटा विशेष मागास प्रवर्गात, असा प्रकार यामुळे शक्य झाला.

पैशाचा हिशेब लहान आहे, पण बोलका. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये ठरले : भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००. वर्षभरात विभागले तर जेवण दिवसाला ८८ रुपये आणि भाडे महिन्याला १,६६७ रुपये. नागपूरच्या मेडिकल चौकात या भाड्यात कॉट बेसिसवर जागा शोधून पाहावी. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा त्याहून विचित्र आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्त्यासह शिष्यवृत्ती मिळायला घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. त्यावर फक्त शिक्षण शुल्कात सवलत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक म्हणून आरक्षण मिळायला मात्र मर्यादा आठ लाख. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात शिपायाचे मूळ वेतन १५,००० पासून सुरू होते. ५० टक्के महागाई भत्ता धरला की वर्षाचे २ लाख ७० हजार होतात. म्हणजे राखीव जागेवर लागलेल्या शिपायाचा मुलगा निर्वाह भत्त्याला ‘श्रीमंत’ ठरतो, आणि त्याच्या जवळपास तिप्पट कमावणारे खुल्या प्रवर्गातले घर ‘दुर्बल’ असू शकते.

जिथे आरक्षण नाही तिथले आकडे मोजकेच आहेत, पण एकाच दिशेचे. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, आडनाव वेगळे. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत मुलाखतीचे बोलावणे येण्याचे गुणोत्तर दलित आडनावाला ०.६७, मुस्लिम नावाला ०.३३. थोरात स्वतः अमरावती जिल्ह्यातले. उच्च न्यायालयांतही आरक्षण नाही : २०१८ पासून २०२४ पर्यंत नेमलेल्या ६८४ न्यायमूर्तींपैकी अनुसूचित जातींचे २१, म्हणजे ३.१ टक्के, जमातींचे १४, म्हणजे २ टक्के. आणि जिथे कोणी आरक्षण मागितलेले नाही तिथे ते आपोआप भरते. २०२४ मध्ये गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या ३८ हजार कामगारांची माहिती केंद्राने जाहीर केली, त्यांत ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे होते, खुल्या प्रवर्गातले ८ टक्के. नागपूर महापालिकेत वर्षानुवर्षे ‘ऐवजदार’ (बदली सफाई कामगार) म्हणून झाडू हाती धरणारे कोण, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

खासगी नोकऱ्यांबद्दल अंदाजांवर राहावे लागते, कारण मोजणीच होत नाही. अमेरिकेत १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना १९६६ पासून दरवर्षी वंश आणि लिंगनिहाय तक्ता केंद्रीय आयोगाला द्यावा लागतो. आपल्याकडे १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांवर तिमाही विवरणपत्राचे बंधन घातले. त्या नमुन्यात स्त्री-पुरुष होते. जात, जमात नव्हती. नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात किती गोंड तरुण नोकरीला आहेत, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सरकारी कागदावर नाही.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या संदर्भदिनांकाची आहे आणि तिच्यात सर्व जातींची नोंद व्हायची आहे. तिचे तक्ते हाती येईपर्यंत या लेखातले लोकसंख्येचे आकडे सोळा वर्षे जुने झालेले असतील. सरकारी पदांचे मात्र तसे नाही. प्रत्येक कार्यालयाची बिंदूनामावली दरवर्षी अद्ययावत होते आणि विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासली जाते. कोणत्या संवर्गात अनुसूचित जमातीची किती पदे मंजूर, किती भरलेली, किती अधिसंख्य करून मोकळी केली आणि त्यांतली किती पुन्हा भरली, हे सगळे त्या नोंदवहीत आहे. नागपूर विभागाच्या सहाही जिल्ह्यांच्या या नोंदवह्या संकेतस्थळावर टाकाव्यात. त्याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही.